ताई, दिव्याची तार काढून टाक

सोक्चो
२१ एप्रिल १९९०

चि. ग्यु-सक,

फोनवर तू "हो ताई, हो ताई" करतोस आणि गिऱ्हाईक आलं की ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. निवांत वाच.

तुझी ताई आता गाडी चालवते. हसू नकोस. तुझे दाजी म्हाकुलं पकडायला गेले की महिना महिना समुद्रावर, आणि मला गाबोळीचे डबे कांगनुंगच्या बाजारात पोचवायचे असतात. किती दिवस बसच्या कंडक्टरची बोलणी खायची? "मावशी, वास येतो" म्हणे. खारवलेल्या गाबोळीला काय अत्तराचा वास येणार? शेवटी आमच्या हे-रानच्या शाळेतल्या मास्तरांची बदली झाली, त्यांची पांढरी गाडी आम्ही घेतली. मी लायसन्सही काढलं. बाजारातल्या बायका म्हणतात, "बोक-रे, नवरा मासे धरतो, तू काय खांब धरणार का?" एकदा धरला खांब, पण हळूच. तो विषय नको.

आता काम सांगते. गाडीचं तेल बदलायचं आहे आणि त्याबरोबर ऑइल फिल्टरही बदलतात असं कळलं. इथे मो म्हणून एक गॅरेजवाला आहे. त्यानं तीन खोकी माझ्यापुढे टाकली. तिन्ही डबे दिसायला सारखे, पण एक हातात जड लागतो, एक अगदी हलका. मी विचारलं, माझ्या गाडीचा कोणता? तर म्हणतो, "बाईसाहेब, आटे बसले की फिल्टर बसला. बूट पायात गेला की झालं ना?"

मी म्हटलं, "पायात जाणारा बूटही चावतो." तर आख्खं गॅरेज हसलं.

मी काही न घेता परत आले. तुझं पार्ट्सचं दुकान आहे, तूच सांग नेमका कोणता घ्यायचा. पोरगी यंदा शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला चुनचॉनच्या शिक्षकांच्या कॉलेजात जायचंय. जंग-इमला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी ताई


देगू
२ मे १९९०

प्रिय ताई,

तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. चावऱ्या बुटाला सगळ्यांनी दाद दिली. तू दुकान काढलंस तर माझं बंद पडेल.

पण त्या मोच्या पायरीवर पुन्हा जाऊ नकोस. आटे बसणं ही सगळ्यात शेवटची गोष्ट. आधी बघायचं ते रबरी कडं. ते इंजिनाच्या तोंडावर सगळीकडून सारखं टेकलं पाहिजे, नाहीतर तेल गळतं. मग आतली झडप. गाडी उभी असताना फिल्टरातलं तेल खाली उतरू नये म्हणून ती असते. ती नसली तर सकाळी गाडी सुरू केल्यावर काही क्षण इंजिन कोरडंच फिरतं. आणि आतला कागद. चांगला कागद दाट घड्यांचा असतो, गरम तेलात दिवसरात्र राहून टिकतो. वाईट कागद ओल्या भाकरीसारखा बसतो. जड डबा म्हणजे चांगला असंही नाही ताई, पत्रा जाड करून कोणीही वजन वाढवतं. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, म्हणून तर या धंद्यात इतके चोर आहेत. फिल्टर विकत घ्यायचा म्हणजे विकणाऱ्या माणसाकडे बघून घ्यायचा.

तुझा सख्खा भाऊ या धंद्यात असताना तू कुणाकडे का बघावंस? मास्तरांच्या गाडीचं साल मला हे-राननं सांगितलं, त्याला लागणारे चार फिल्टर या खोक्यात आहेत. हिरवे आहेत. लावताना रबराला बोटानं थोडं तेल लाव आणि हातानंच घट्ट कर. पाना लावू नकोस, तुझ्या हाताला पान्याची गरज नाही. लहानपणी माझ्या पाठीवर बसायचा तो हात मला आठवतोय.

आई-बाबा गेल्यावर कॅनिंगच्या कारखान्यात उभं राहून तू मला शिकवलंस. चार डबे पाठवले म्हणून आभार मानलेस तर परत घेईन.

तुझा ग्यु-सक


सोक्चो
२४ सप्टेंबर १९९०

चि. ग्यु-सक,

आभार मानत नाही, पण गंमत सांगते. मी स्वतः गाडीखाली शिरून फिल्टर बदलला! तुझे दाजी घरी होते, ते शेजारी बसून सिगारेट ओढत "सावकाश, सावकाश" करत होते. बाहेर आले तेव्हा तोंड असं काळं होतं की हे-राननं दार लावून घेतलं. आता दुसरा लावलाय. बाजारातल्या ओ बाईंनी आणि बर्फाच्या कारखान्यातल्या पाकनं माझं बघून तुझ्याकडून पोस्टानं मागवले. तुझी इथली एजंट मीच.

एक विचारायचं होतं. सकाळी गाडी सुरू केली की तेलाचा तो लाल दिवा लगेच विझत नाही. बराच वेळ पेटून राहतो, आणि इंजिन कपबश्या हलवल्यासारखा आवाज करतं. पूर्वी असं नव्हतं. थंडी सुरू झाली म्हणून असेल का?

मो बाजारात भेटला तेव्हा सहज बोलून गेले. त्यानं रस्त्यातच बॉनेट उघडून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "हा हिरवा कुठून आणलात? हा मला बरा दिसत नाही. काढून टाका."

मी म्हटलं, "माझ्या भावानं पाठवलाय. तुमचा माल घेतला नाही म्हणून पोटात दुखतंय का?"

"भाऊ तुमचा असेल बाई, पण इंजिन काही त्याची बहीण नाही."

मला असा राग आला! भर बाजारात मी त्याला नको नको ते बोलले. चोर म्हटलं. तो निघून गेला. बरोबर केलं ना मी?

तुझी ताई


देगू
१९ ऑक्टोबर १९९०

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. दुकानात जरा गडबड होती.

दिव्याची काळजी करू नकोस. तुझ्या गाडीच्या जातीला हा रोगच आहे. इंजिनावर जे छोटं बटण असतं त्यावरून तो दिवा लागतो, आणि जुन्या गाडीत ते बटण खोटं बोलायला लागतं. तेल व्यवस्थित असतं, दिवा उगाच घाबरवतो. बॉनेट उघड, फिल्टरच्या जवळच त्या बटणावरून एक पातळ तार येते. ती ओढून काढून टाक. दिवा लागायचाच बंद होईल आणि तुझ्या डोक्याचा ताप जाईल.

मोच्या नादी लागू नकोस. त्याला तू बोललीस ते योग्यच.

हे-रानसाठी तांदळाची चिकट मिठाई पाठवतोय, तिला म्हणावं ही खा आणि कॉलेजला अशीच चिकट. जंग-इमनं स्वतः निवडून घेतली. परीक्षा जवळ आली, पोरीला जपा.

तुझा ग्यु-सक


सोक्चो
८ डिसेंबर १९९०

चि. ग्यु-सक,

तार काढली. खरंच सुटले बाबा! आता दिवा नाही, धाकधूक नाही.

किमचीच्या लोणच्याचे हंडे अंगणात पुरून झाले, म्हाकुलं वाळवून झाली, आता घरात फक्त हे-रानची परीक्षा. कॉलेजातच जाऊन द्यायची असते ना, म्हणून आदल्या दिवशी सकाळीच तिला घेऊन निघणार. दुपारी तिथे हजेरी, रात्री कॉलेजजवळच्या खोलीत मुक्काम. बसनं पाठवा म्हणत होते शेजारी. पण घाटाच्या वळणांवर पोरीला बसमध्ये उलट्या होतात, परीक्षेला अर्धमेली पोचेल. आपली गाडी आहे, आई चालवणारी आहे, मग बस कशाला? तिच्या बाबांनी बोटीवरून वायरलेसनं निरोप पाठवला, "आईला सांग, घाटात गाणी म्हणू नकोस." 

तुझी मिठाई ती रोज एक तुकडा खाते. सगळं नीट होऊ दे.

तुझी ताई


सोक्चो
२९ डिसेंबर १९९०

चि. ग्यु-सक,

तुला कुणाकडून तरी कळलंच असेल. माझ्या हातून लिहवत नव्हतं.

हे-रानची परीक्षा झाली नाही. ती पोचलीच नाही.

सकाळी निघालो तेव्हा आभाळ भरलेलं होतं, पण बर्फ नव्हतं. हांग्येर्योंगच्या घाटात चढाला गाडी ओढेना. खडखड आवाज यायला लागला. हे-रान म्हणाली, "आई, थांबूया का?" मी दिव्याकडे बघितलं. दिवा नव्हता. तार मीच काढली होती ना. तरी सवयीनं वाटलं, दिवा नाही म्हणजे सगळं ठीक आहे. म्हटलं, "माथ्यावर थांबू, तिथे विश्रांतीची जागा आहे." माथा दिसायला लागला आणि इंजिन एकदम धरलं, जाम झालं. चाकं फिरायची थांबून घसरली. गाडी आडवी होऊन डोंगराच्या बाजूला थांबली. दरीच्या बाजूला गेली असती तर हे पत्र नसतं.

आम्ही वर चालत गेलो. अर्ध्या वाटेतच बर्फ सुरू झालं, असं की समोरचा हात दिसेना. पोचलो तेव्हा दोन्हीकडून रस्ता बंद झाला होता. गाडी नीट असती तर बर्फाच्या आधीच आम्ही पलीकडे उतरलो असतो. तिथल्या बाईनं आम्हाला शेगडीजवळ झोपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे रेडिओ चालू होता. सोलमध्ये उशीर झालेल्या मुलांना पोलीस मोटरसायकलवर बसवून परीक्षेला पोचवतायत, असं सांगत होते. हे-रान ऐकत होती. पेपर सुरू व्हायच्या वेळेला तिनं दप्तरातून पेनं काढली, टेबलावर ओळीनं ठेवली, थोडा वेळ बघत बसली आणि परत आत ठेवली. रडली नाही. मला म्हणाली, "आई, तू सूप पिऊन घे, गार होतंय." ग्यु-सक, ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

इंजिन गेलं म्हणतात, पूर्ण. गाडी मोच्या गॅरेजबाहेर ओढून आणून ठेवलीय. मला वाटतं माझंच काहीतरी चुकलं. फिल्टर सैल बसवला का मी? तेल कमी घातलं का? तू सांग. खरं सांग. मला कळलं पाहिजे मी काय केलं.

तुझी ताई


देगू
१० जानेवारी १९९१

प्रिय ताई,

पत्र मिळालं. पोरीचं वर्ष गेलं. पण तुम्ही दोघी जिवंत आहात, हेच मोठं.

झाल्या गोष्टीला कुणी काय करणार? आता तू विचारतेस म्हणून सांगतो, राग मानू नकोस. बहुतेक फिल्टर वाकडा बसला असेल, किंवा तेल हलक्या जातीचं घातलं असशील. शिकलेले मेकॅनिकही चुकतात, तू तर बाईमाणूस. त्याचा विचार आता सोड.

एक कर. तो फिल्टर मोला कापू देऊ नकोस. त्याला काही कळत नाही, तो उगाच काहीतरी काढेल आणि गावभर करेल. फिल्टर काढून घे आणि उरलेले डबेही मला पोस्टानं पाठव. मी इथे नीट तपासतो.

पुढच्या महिन्यात चांद्र नवीन वर्षाला येऊ नकोस एवढ्या थंडीत. आई-बाबांची पूजा आम्ही करतो.

तुझा ग्यु-सक


सोक्चो
२४ फेब्रुवारी १९९१

ग्यु-सक,

तू येऊ नकोस म्हणालास, तरी मी आले. का ते आता सांगते.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर स्वतःला शिव्या दिल्या. बाईमाणूस, वाकडा फिल्टर, हलकं तेल. मग मनात आलं, एवढा जड डबा पोस्टानं कशाला, नवीन वर्षाला जाऊन हातात देते, आणि तू दाखवशील मी कुठे चुकले. म्हणून मी न कळवता आले. पिशवीत तो काढलेला फिल्टर आणि उरलेले दोन घेऊन. तुझ्यावर संशय घेऊन नव्हते आले रे. शिकायला आले होते.

तू पूजेचं सामान आणायला बाजारात गेला होतास. जंग-इम स्वयंपाकघरात भाताच्या वड्या कापत होती. मी पिशवी खाली ठेवली, तिला आतला हिरवा डबा दिसला. ती हसत म्हणाली, "अगं बाई, ताई, तुमच्याकडे अजून हा हिरवा माल आहे? ह्यांनी तर ऑगस्टमध्येच सगळा परत गोळा केला! एका टॅक्सीचं इंजिन धरलं ना, टॅक्सीवाल्यांनी दुकानापुढे केवढा तमाशा केला. आमची जेवणं उडाली होती."

मी विचारलं, "सगळा म्हणजे?"

"सगळा. आसपासच्या सगळ्या दुकानांतून. स्वतः दारोदार फिरत होते." मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या हातातली सुरी थांबली. तिला काही माहीत नव्हतं, ग्यु-सक. तिला बोलू नकोस.

मी अंगणात आले. तुझी गाडी उभी होती. मला आता बॉनेट उघडता येतं. तूच शिकवलंस. तुझ्या गाडीला पांढरा फिल्टर होता.

ऑगस्टमध्ये तुला कळलं. सप्टेंबरमध्ये मी तुला विचारलं, दिवा का विझत नाही. ऑक्टोबरमध्ये तू मला लिहिलंस, तार काढून टाक.

दिवा खरं बोलत होता आणि ते तुला ठाऊक होतं.

मग तू आलास, "ताई!" म्हणून ओरडलास, माझे दोन्ही हात धरलेस. मी पिशवी पायामागे सरकवली. तुला वाटलं असेल मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझी पोरं नवे कपडे घालून माझ्या पाया पडत होती, आई-बाबांच्या पूजेत तू नैवेद्याची दारू ओतत होतास, मी भाताच्या वड्यांचं सूप, तोक्कुक, खात होते. त्या पोरांसमोर मला तोंड उघडवलं नाही. एवढंच कारण. तुझ्यासाठी नाही.

परत आल्यावर मोकडे गेले. त्यानं मला बघून नेहमीसारखं "या, खांबवाल्या बाई" केलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "चोर तर मी आहेच हो, पण जरा लहान." मग करवतीनं डबा कापला. आतला कागद गळून लगदा झाला होता, तेल जायला वाट राहिली नव्हती. झडप मुळी नव्हतीच. तिच्या जागी पत्र्याचा एक चकचकीत तुकडा, नुसता दिसायला.

हे-रान शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मामाला माहीत होतं?" मी खोटं बोलू शकले नाही.

आता तू लिही. का?

बोक-रे


देगू
२० मार्च १९९१

ताई,

कितीतरी कागद फाडले. आता जे आहे ते लिहितो.

तो माल पुसानच्या एका माणसाकडून घेतला होता. मे महिन्यात तुला पाठवले तेव्हा मला ते नकली आहेत हे माहीत नव्हतं. शप्पथ. स्वस्तात मिळत होते, खोकी छान होती, मी डबा कापून बघितला नाही. तुला एवढं ज्ञान शिकवणारा मी, पण एक डबा कापून बघितला नाही.

ऑगस्टमध्ये कळलं. इथल्या दुकानदारांकडून परत घेतले, कारण ते रोज समोर असतात, रोज ओरडतात, माझं दुकान बंद पाडू शकतात. तू लांब होतीस. तू ओरडणार नव्हतीस. तुला पत्र लिहायला रोज बसायचो. पण तू ओ बाईंना, पाकला, सगळ्या बाजाराला अभिमानानं सांगितलं होतंस की माझा भाऊ असा आणि तसा. तिथलं माझं नाव तरी शाबूत राहावं असं वाटलं. म्हटलं, ताईची गाडी बाजारापर्यंत तर जाते, पुढच्या खेपेला गुपचूप चांगले फिल्टर पाठवू, तिला कळणारही नाही. मग तुझं दिव्याचं पत्र आलं आणि मी घाबरून ते लिहिलं. घाटात जाणार असं तू डिसेंबरमध्ये लिहिलंस, ते पत्र माझ्या हातात होतं ताई. परीक्षेला अजून अवकाश होता. मी फोनपर्यंत गेलो होतो. दुकानात गिऱ्हाईक आलं, ते गेलं, आणि मग मी फोन केला नाही.

नवीन इंजिन पाठवतो. हे-रानच्या शिकवणीचं मी बघतो. तू म्हणशील ते करतो. पण मला परकं करू नकोस. मला तुझ्याशिवाय कोण आहे?

ग्यु-सक


सोक्चो
६ ऑक्टोबर १९९१

ग्यु-सक,

सहा महिने उत्तर दिलं नाही, कारण द्यायला काही नव्हतं. आता तू स्वतः येऊन गेलास, म्हणून लिहिते. बोलणं राहिलं होतं ते संपवते.

तुझं इंजिन मी परत पाठवलं ते रागानं नाही. गाडीत बसले की मला तो खडखडाट ऐकू येतो. गाडी मोला देऊन टाकली. मी पुन्हा बसनं जाते, कंडक्टर पुन्हा वासावरून बोलतो. ओ बाई आणि पाककडे मी मोनं डबा कापला त्याच्या दुसऱ्या दिवशीच गेले आणि त्यांना तुझे हिरवे डबे काढायला लावले. पाकची गाडी वाचली. माझ्या भावानं मला फसवलं, हे सांगायला मला त्यांच्या ओसरीवर उभं राहावं लागलं. ओ बाईंनी मला पाणी आणून दिलं.

तू लिहिलं होतंस, "तू लांब होतीस, तू ओरडणार नव्हतीस." ते वाक्य मी परत परत वाचलं. टॅक्सीवाले ओरडले म्हणून त्यांना खरं मिळालं. मी विश्वास ठेवला म्हणून मला दिव्याची तार काढायला मिळाली. पुसानच्या माणसानं तुला फसवलं, ते मी समजू शकते. फोनपर्यंत जाऊन परत फिरलास, ते मी समजू शकत नाही. समजून घ्यायचा प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. जमलं नाही.

हे-रान दिवसा कारखान्यात म्हाकुलं साफ करते आणि मग अभ्यास करते. यंदा पुन्हा बसणार आहे. आठ दिवस आधी बसनं जाऊन एका बाईंकडे राहणार. उलट्या होऊ देत, म्हणते. मी सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाली.  तार मी काढली होती, हे तीही विसरलेली नाही.

पौर्णिमेच्या सणाला तू न सांगता आलास. दारात उभ्या माणसाला उपाशी पाठवायची आपली रीत नाही, म्हणून ताट मांडलं. तुझे दाजी घरी होते, ते तुझ्याशी बोटीचं, हवेचं बोलले, तो त्यांचा स्वभाव. मी स्वयंपाकघरातच राहिले. तुला वाटलं असेल, ताई आत आहे, तिला काही ऐकू जात नाही.

हे-रान तुला वाढत होती. जन्मापासून तुझ्या खांद्यावर बसलेली पोर. "मामा" हा तिचा तिसरा शब्द होता. आई, बाबा आणि मग तू. तुझा वाडगा रिकामा झाला तेव्हा ती भाताचं भांडं घेऊन तुझ्याजवळ आली आणि गिऱ्हाइकाशी बोलतात तशा मऊ आवाजात तिनं विचारलं, "साहेब, अजून वाढू का?"

तू वाडग्यावर हात धरलास. मग म्हणालास, "नको."

मी सगळं ऐकलं. मी तिला टोकलं नाही.

हान बोक-रे